ब्रेक दाबा, मग गिअर टाका

४ फेब्रु., मंगळ.
आज पुन्हा गाडीने ओळख दाखवली नाही. बेसमेंटमध्ये दहा मिनिटं फोन दारासमोर धरून उभी. फोन हीच किल्ली, म्हणे! हे काठी टेकून शेजारी. "अगं, बटण दाब की." बटण असतं तर दाबलं नसतं? शेवटी पर्समधलं किल्लीचं कार्ड शोधून दाराच्या खांबाला लावलं, तेव्हा उघडलं. आत बसलो तर गिअर D मध्ये जाईना. स्क्रीनवर एकच पालुपद, ब्रेक दाबा. दाबलाय की बाई! चौथ्यांदा गेला.

आनेकलला पोचेतो सव्वाअकरा. निंगप्पाअण्णा त्यांच्या वर्कशॉपच्या दारातच. "बन्नी, बन्नी," या या, आपलं कानडीत. ह्यांच्यासमोर पितळी बुशांचा, यंत्रात बसवायच्या कड्यांचा, ट्रे ठेवला. हे अंगठा फिरवून सांगतात, ह्याची धार राहिलीय, घासून घे. तीस वर्षं फोरमन होते. डोळे जाऊन तीन वर्षं झाली, पण बोटं शाबूत आहेत. मंगळवार-शनिवार तेवढे माणसात असतात. बाकीचे दिवस रेडिओ आणि मी.

५ फेब्रु.
मंजूला फोन. पुण्याला बदली झाली तेव्हा लेक ही गाडी आमच्या गळ्यात मारून गेली. कागदावर आणि अ‍ॅपवर मालकीण अजून तीच, मला नुसती किल्ली "शेअर" केलीय. म्हणाली, "आई, ते अ‍ॅप तू बंद करतेस का?" करते की. रोज जेवणं आटोपली की ओटा पुसावा तशी सगळी अ‍ॅप्स झाडून टाकते. "अगं, अ‍ॅप घालवलंस की किल्लीच गेली ना!" बॅटरी सेव्हरपण बंद करायला लावला. धन्य. हे आधी सांगायला काय झालं होतं?

८ फेब्रु., शनि.
दार पहिल्या झटक्यात उघडलं. हे खूश. गिअर मात्र नाही म्हणजे नाही. R कसाबसा लागला, अर्धी गाडी बाहेर काढली आणि D साठी अडकले, मागे हॉर्न. "मॅडम, स्वल्प बेग!" जरा लवकर, म्हणे. चौथ्या मजल्यावरचा नागपूरचा कुलकर्णी धावत आला, बसला, D टाकला. "काकू, झालं की!" तो उतरला, मी बसले. नाही. तो बसला, होय. मी बसले, नाही. हे म्हणतात, "गाडी माणूस बघून चालते वाटतं." सगळे हसले. मीही हसले, पण आतून नुसता संताप.

बारा वाजले, मग गेलोच नाही. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. टॅक्सी करू का विचारलं. "परक्या गाडीत सामानासारखा नाही जाणार." दिवसभर रेडिओ. थकले मी ह्या हट्टाला.

१० फेब्रु., सोम.
सर्व्हिसचा माणूस आला, प्रवीण नाव. वीसदा D, R, P केलं. काही दोष नाही. मग मला बसवलं. नाही. लॅपटॉप लावून बराच वेळ बघत राहिला.
"अम्मा, गाडी बरोबर आहे. ब्रेक अर्धाच दाबला जातोय." मग आवाज खाली करून, "पायाला काही त्रास आहे?"
भडकलेच. बावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं, आजतागायत एक ओरखडा नाही, तू मला ब्रेक शिकवतोस? "सरी अम्मा," बरं एवढंच म्हणाला, सामान आवरलं. चहासुद्धा घेतला नाही. नंतर वाईट वाटलं. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?
ह्यांना सांगितलं, सॉफ्टवेअरची भानगड आहे.

११ फेब्रु., मंगळ.
खाली वाकून पाय कुठे आहे ते बघितलं, जीव खाऊन दाबला. D लागला. निघालो.
सिग्नलला मला वाटलं ब्रेकवर पाय आहे. गाडी आपली पुढे सरकतेय. समोर स्कूटरवर बाई. टेकणार एवढ्यात गाडीच किंचाळली आणि स्वतः थांबली. ती बाई मागे वळून बघत होती, मी हात जोडले.
पुढे आनेकलपर्यंत तीसच्या वर गेले नाही. "आज हळू?" "ट्रॅफिक आहे." रस्ता मोकळा होता. ह्यांना आवाजावरून कळलं नसेल होय!

१२ फेब्रु.
हे झोपल्यावर दुपारी केसातली पिन घेतली. डावा पाय, टोचतं. उजवा, अंगठ्यापासून टाचेपर्यंत काही नाही. दाबून बघितलं. रक्त आलं, तरी नाही. चौदा वर्षांचा मधुमेह. डॉक्टर दर वेळी सांगायचे तळवे तपासत जा, मी हो हो म्हणायची.
मंजूला काय सांगू? सांगितलं तर पुण्यात बसल्या बसल्या एका बोटाने माझी किल्ली काढून घेईल. बरोबरच करेल. पण मग ह्यांचा मंगळवार-शनिवार संपला. आणि माझाही. घरात दोघं एकमेकांचं तोंड... म्हणजे मी त्यांचं.
तिचा मेसेज: गिअर ठीक ना आता? उत्तर दिलं नाही.

१४ फेब्रु., शुक्र.
जेवणं झाल्यावर हे म्हणाले, "उजवा पाय दे इकडे."
"कशाला?"
"दे म्हणतो ना. आणि डोळे मीट."
प्रवीणचं बोलणं ऐकलं असणार. गाडीची काच खाली होती आणि हे चार पावलांवरच उभे होते. पाय मांडीवर ठेवला, डोळे मिटले.
"लागतंय?" "हो." "आता?" "हो." "आता?" "हो म्हटलं ना हो!"
हे म्हणाले, "शेवटच्या दोन्ही वेळी मी हात लावलाच नव्हता."
रडले. चक्क हुंदके देऊन. म्हटलं, मी मारणार होते हो त्या बाईला. "माहीत आहे," म्हणाले. "मी गाडीतच होतो."
निंगप्पाअण्णांचा फोन वाजून बंद झाला. उद्या येताय ना, हेच विचारायला असणार. "काय सांगू त्याला?" हे म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही सांगा." "किल्ली तुझ्याकडे आहे," म्हणाले.
डोळे उघडले. पाय अजून त्यांच्या मांडीवर, आणि ते हलके हलके तळवा चोळत होते. कधीपासून, कोण जाणे. बघितलं म्हणून कळलं.
उद्याचं अजून ठरलेलं नाही.