फौजदाराची बायको बोलली

अहो,

मी आपल्या शिनिमाच्या तंबूवर जायलेय. उठल्यावर शोधत बसू नका.

काल तुमी डोकं दुखतंय म्हणून पांघरूण घेऊन पडलात, म्हणून पहिल्या खेळाला मीच गेले. तुमी हौसेनं आणलेला तो बक्षीस मिळालेला खुनाचा शिनिमा कुणी बघंना. त्यातलं गाव ओसाड, फौजदार मुका, अन् खुनी कोण ते कळलं तरी कुणाला काय फरक न्हाई. पुढची माणसं घोरायली. बायका लेकरं उचलून निघाल्या.

मग मी माईक घेतला. गर्दीत कुणाचं लेकरू हरवलं तरी तुमी मला त्यावर बोलू देत न्हाई, ते ठाऊक हाय. पण त्या फौजदाराची बायको सारा शिनिमाभर नुस्तं ताट वाढती, एक शब्द बोलत न्हाई. तिच्या मनातलं मी सांगत गेले, आपल्या मराठीत, मधीच कानडीत. बायका दारातनं माघारी फिरल्या. काशाप्पा ऑपरेटर म्हणाला, "वैनी, ते ताटाचं रीळ पुन्हा लावू का?"

आत्ताच तो सांगून गेला, खेड्यातनं बैलगाड्या यायल्यात. बायकांकडं जागा पुरंना, म्हणून बाया-गड्यांच्या मधलं आडोशाचं कापड गड्यांकडं सरकवायला सांगितलंय.

शिनिमाच्या रिळांची पेटी गुलबर्ग्याला परत धाडू नका. अन् तिकिटाला तुमी बसा, माईक मला लागतोय.

भाकरी टोपल्यात हाय, वरण चुलीवर. आज हातानं वाढून घ्या.

शेवंता