एक अपयश हवे आहे

ती. मामांना नमस्कार. (साष्टांगच घालायचा होता, पण दिवसभर ऑफिसच्या खुर्चीत बसून पाठ अशी धरली आहे की खाली गेले तर उचलायला माणसं लागतील. उभ्यानेच गोड मानून घ्या.) गुडघा कसा आहे? मामीने सांगितलेले व्यायाम करताय, की नुसतं 'केले' म्हणून सांगताय? इकडे सगळं ठीक. म्हणजे बाबा माझ्यावर नाराज, आई बाबांवर नाराज आणि दादा मजेत.

अर्थशास्त्राची पदवी घेतली तेव्हा वाटलं होतं, जग आपल्यासाठी खोळंबलं असेल. कसलं काय! शेवटी शेअर घ्यावेत की नाही याचे अहवाल लिहिणाऱ्या एका कंपनीने घेतलं. मामा, आमच्या विभागात नोकरी करायला म्हणून कोणीच आलेलं नाही. सगळे बिझनेस स्कूलला जायच्या आधी 'अनुभव' घ्यायला आलेत. आमचे साहेबही असेच अनुभव घेऊन बिझनेस स्कूलला गेले आणि परत येऊन त्याच खोलीत बसले. खुर्चीची पाठ तेवढी उंच झाली. (त्यांना काही विचारलं की 'छान प्रश्न' म्हणतात आणि जेवायला जातात.) हसू नका, पण मलाही जायचंय. अगदी मनापासून जायचंय. प्रश्न विचारल्यावर कोणी उठून जात नाही अशा वर्गात मला एकदा तरी बसायचंय.

तर अर्जासाठी बाबांनी एक सल्लागारबाई शोधल्या. (त्या स्वतः कुठल्या बिझनेस स्कूलला गेल्या होत्या, हे विचारायचं नसतं. मी विचारलं. वातावरण बिघडलं.) त्यांनी माझे गुण पाहून नाक मुरडलं आणि म्हणाल्या, ते ठीक आहे, पण अपयश कुठाय? अर्जात एक निबंध असतो म्हणे: तुमचं सर्वांत मोठं अपयश आणि त्यातून तुम्ही काय शिकलात. ते नसलं की प्रवेश विसरा. आता आली का पंचाईत! मी कधी नापास झाले नाही, कुठून हाकलली गेले नाही, साधं काही हरवलंसुद्धा नाही. घरात बैठक बसली. आई म्हणाली, हिला अजून सायकल येत नाही. बाबा भडकले, माझी मुलगी अपयशी आहे असं लिहून द्यायचं म्हणजे काय! दादा मात्र श्वासही न घेता माझी अपयशं मोजत सुटला. ते सगळं मी लिहून बाईंना नेऊन दाखवलं, तर त्या म्हणाल्या, हे अपयश नाही, हा स्वभाव आहे.

मग ठरवलं, ऑफिसातच एखादं घडवून आणायचं. आमच्याकडे अहवालाच्या शेवटी दोनच शब्द येतात: 'घ्या' किंवा 'धरून ठेवा'. 'विका' असं कधीही लिहीत नाहीत, कारण त्या कंपन्यांचे मालक साहेबांबरोबर जेवतात. मी सगळ्यांची लाडकी, धडधाकट, गाद्या बनवणारी कंपनी निवडली आणि ठोकून दिलं, 'विका'. कारण काय द्यावं सुचेना, म्हणून लिहिलं की लोकांची झोप उडाली आहे, त्यामुळे गाद्यांचा खप घटणार. साहेब पहिलं पानच वाचतात. सही झाली, अहवाल गेला, साहेबांचं जेवण रद्द झालं. मला असं झापलं म्हणता! काचेपलीकडचा अख्खा विभाग कामात असल्याचं दाखवत ऐकत होता आणि मी मनातल्या मनात निबंधाची पहिली ओळ जुळवत होते.

आणि मग गादीवाल्यांचे तिमाही आकडे आले. कंपनी आपटली! वर त्यांच्या अध्यक्षांनी कारण सांगितलं, हल्ली लोक नीट झोपत नाहीत. मामा, मला रडू आलं. साहेबांनी सगळ्यांना पेढ्याशिवाय पेढे वाटल्यासारखं सांगितलं की 'विका' लिहायला त्यांनीच लावलं होतं, आणि मला बढती दिली. आता म्हणतात, तुला बिझनेस स्कूलची गरजच काय? सल्लागारबाई म्हणाल्या, सगळ्यावर पाणी फिरवलंस. असो. मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. – पत्र लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. तुमचे तीन धंदे बुडाले आहेत. त्यातला एक मला द्याल का? फोटो स्टुडिओ चालेल. कोंबड्यांचं प्रकरण मला नीट सांगता येणार नाही.

ता. क. २ – रागावू नका. स्टुडिओ मी माझ्या नावावर लिहून पाठवूनही दिला आहे. बिझनेस स्कूलवाल्यांना फार आवडला. गुरुवारी मुलाखतीला बोलावलंय. पण त्यातून काय शिकले, ते विचारणारच. तुम्ही पाटी स्वतः उतरवलीत आणि लोकांचे राहिलेले फोटो घरोघर नेऊन दिलेत, एवढंच मला आठवतं. काय शिकलात, ते तेवढं लगेच कळवा.

ता. क. ३ – आत्ताच आईला हे सांगितलं. ती म्हणाली, त्याला असलं काही विचारू नकोस, तो अजून दर रविवारी त्या बंद स्टुडिओत जाऊन फोटोमागचा पडदा झटकून येतो. मामा, खरं का हे? खरं असेल तर उत्तर लिहू नका. मी गुरुवारी त्यांना सरळ सांगून टाकते की ते अपयश माझं नव्हतं, आणि ज्यांचं होतं ते अजून कबूल करत नाहीत.