पहिल्या पानावर आईचं अक्षर

माद्रिद, ४ मार्च २०१३

ती. आईस, सबेलाचा सा. न.

तुझा खोकला कमी आहे ना? इथे मी रोज लेखकांची आयुष्यं चार-चार ओळींत बसवते. पुस्तकाच्या वेष्टनाच्या आतल्या घडीवर छापतात ना, तेच काम. या महिन्यात एक भूल देणारी डॉक्टर आहे, एक न्यायाधीश, एक दीपगृहावरून निवृत्त झालेला म्हातारा, आणि एक बाई तर वीस वर्षं बस चालवत होती. साहेब म्हणतात, वाचक आधी ती घडी वाचतो. आई, या देशात कुणीही कुठूनही येऊन लिहू शकतं, असं मला आता खरंच वाटतं.

म्हणून माझी कादंबरी तिकडच्या नगरपालिकेच्या स्पर्धेला द्यायची आहे. जिंकली तर ते छापतील. नाहीतर जूनमध्ये ही नोकरी संपते आणि पुढे काही दिसत नाही. इथून पाठवली तर प्रकाशनातली मुलगी म्हणून कुणी ओळखेल. तसला फायदा मला नको. सोबतच्या पाचही प्रती तूच नेऊन दे. पाकिटावर फक्त टोपणनाव. खरं नाव-पत्ता छोट्या बंद लिफाफ्यात आहे, तो निकालानंतरच उघडतात.

तुझ्या आशीर्वादावर विसंबलेली,
सबेला

कांबादोस, १५ मार्च

चि. सबेला, अ. उ. आ.

प्रती पोचवल्या. खिडकीतल्या बाईने पावती दिली. तू सांगितलंस तसं पाकिटावर नाव घातलं नाही. पण आत बघते तर पहिल्या पानावरही तुझं नाव नाही, कुणा भलत्याच पुरुषाचं. एकतीस वर्षं मी कारखान्यात शिंपल्यांचे डबे भरतेय. आमच्याकडे प्रत्येक पेटीत भरणारीच्या नावाची चिठ्ठी पडते. बिननावाची पेटी मुकादम परत पाठवतो. म्हणून पाचही प्रतींवर, पट्टी धरून, तुझ्या त्या घडीसारखं लिहिलं: सबेला कारामेस, डबे भरणाऱ्या दोरेसची मुलगी, घरातली पहिली पदवीधर. बसवालीचं छापतात, मग आपलं का नको? तुझी मामी म्हणाली, आता दोरेसही लेखिका झाली. वेळेवर जेवत जा, नाहीतर फोटोत हाडंच येतील.

निकालाकडे डोळे लावून बसलेली,
आई

माद्रिद, २० जून

ती. आईस, सा. न.

निकाल लागला. माझी निवडली नाही. दुसऱ्यांच्या चांगल्या असतील, एवढंच. तू मनाला लावून घेऊ नकोस. तू सगळं अगदी बरोबर केलं होतंस. नोकरी महिनाअखेर संपतेय. सव्वीस ठिकाणी अर्ज केले, चार उत्तरं आली, चारही नकाराची. मुकादमाला एकदा विचारशील का?

तुझीच,
सबेला

कांबादोस, २८ जून

चि. सबेला, आ.

प्रती परत मागायला गेले होते. त्याच बाईने सांगितलं, नाव दिसलं की पुस्तक न वाचताच बाद, तसा नियम आहे. लिफाफ्यातला पत्ता काढून एप्रिलमध्येच तुला तसं पत्र गेलं होतं म्हणे. प्रती त्यांनी फाडून टाकल्या. म्हणजे तुझं पुस्तक तिथे कुणी वाचलंच नाही.

दोन महिने तू हे पोटात ठेवलंस. मला चार शब्द बोलली असतीस तर बरं झालं असतं. मामी म्हणते, दुसऱ्या स्पर्धेला पाठव. तू पाठवणार नाहीस, हे मला तुझ्या पत्रातच दिसलं.

मुकादमाला विचारलं. म्हणाला, शिकलेल्या पोरींचे हात हळू चालतात, पण येऊ दे. सोमवारी सहाला. माझे जुने रबरी बूट धुऊन ठेवलेत. माप आपलं सारखंच आहे.

आई