हिरव्या लेसरच्या प्लेटवरचा कप

प्रति,
मा. विभागप्रमुख,
सूक्ष्मनिर्मिती विभाग.

विषय : हिरव्या लेसर यंत्रातील प्लेट घासण्याच्या कामातून सूट मिळणेबाबत.
संदर्भ : भांडारप्रमुखांचा शेरा, ‘प्लेटवर काहीही आढळले नाही.’

महोदय,

मी आपल्या विभागात प्लेटा घासून सपाट करतो. हिरवे लेसर यंत्र चालवणारी माझी पत्नी गेल्या महिन्यात कामावरून घरी आली आणि अचानक वारली, हे आपणांस ठाऊक आहेच.

त्या यंत्रातला मूळ किरण डोळ्यांना दिसत नाही. स्फटिकातून गेला की त्याची तरंगलांबी निम्मी होते, तो हिरवा होतो आणि फार बारीक ठिपक्यावर साधता येतो. तांबे मूळ किरणाला दाद देत नाही. हिरव्याने मात्र प्लेटवर पसरलेली तांब्याची पूड वितळून कणाला कण धरून जुळते आणि थरावर थर चढून वस्तू उभी राहते. ती म्हणायची, “अहो, तांबं अगदी तुमच्यासारखं. कितीही तापा, ढिम्म. नीट समजावलं की लगेच ऐकतं.”

किरण नीट साधला आहे का, हे पाहण्यासाठी रोज सकाळी एक नमुना करावा लागतो. त्यात सरळ भिंत, गोलाई आणि भोक असावे, एवढाच नियम. ती खसखशीच्या दाण्याएवढा कप करायची, कानासकट. प्लेट माझ्या हाती देताना म्हणायची, “चहा ठेवलाय, सांडू नका.” मी हसायचो आणि घासून टाकायचो. कामच ते होते, आणि दुसऱ्या दिवशी नवा कप येणारच होता.

शेवटच्या सकाळचा कप घासायचा राहिला, तो अजून प्लेटवर आहे. भांडारप्रमुखांनी नुसत्या डोळ्यांनी पाहून वरील शेरा मारला आणि नवीन चालक येण्याआधी प्लेट घासण्याचा आदेश मला दिला. काहीच आढळले नसेल तर मी घासायचे काय, असे विचारले असता “वाद घालू नका, साफ करा,” असे उत्तर मिळाले. मला तिची फार आठवण येते. हे अर्जात लिहितात की नाही, ठाऊक नाही.

तरी विनंती, की ती प्लेट मला मिळावी. विभागाची मालमत्ता म्हणून ते शक्य नसल्यास कप तेवढा कापून मिळावा. तो नोंदीत नसल्यामुळे देता येत नसल्यास एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहू द्यावा. तेही नियमात बसत नसल्यास वरचा विषय रद्द समजावा. प्लेट मीच घासेन. कृपया दुसऱ्या कोणाला देऊ नये. तिथे कप आहे हे त्यांना कळणार नाही.

उत्तराची वाट पाहणारा,
आपल्या विभागाचा प्लेटवाला

दिनांक : नवीन चालक रुजू होण्याच्या आदल्या दिवशी

सोबत : तिचे भिंग, एक. प्लेटच्या डाव्या कोपऱ्यात पाहावे. भिंग परत मिळावे.