केबल कोरडी ठेवा

१४ सप्टेंबर २००३, हट्टा

हिंगोलीहून वसमतपर्यंत एस.टी.त उभ्यानं, पुढं जीपच्या टपावर, पण पोचलो बुवा. हिंगोलीत माझं, म्हणजे लालसिंग मिस्त्रीचं, गाड्या दुरुस्तीचं दुकान हाय. माझ्या हातची क्लच वायर तीन-तीन वर्षं तुटत न्हाई, हे साऱ्यांना ठाऊक. म्हणून तर हळदीचे व्यापारी व्यंकटराव यांनी महिनाभरासाठी बोलावून घेतलं. आन काम काय, तर विमान! खोटं न्हाई. माणूस घरात विमान बनवून राहिला!

हळदीच्या शेडमध्ये उभं हाय, दोन सीटचं, कापड ताणलेल्या पंखांचं. दांडा मागं ओढला की सीटखालच्या पुलीवरून केबल सरकते, शेपटीची फळी वर होते आन नाक आभाळाकडं. केबल तुटली की खेळ खलास. मी म्हणालो, अहो, ही तर लांबडी क्लच वायरच की! व्यंकटराव लई हसले. दसऱ्याला सकाळी ते उडणार, शेजारी त्यांची नऊ वर्षांची आरोही. पोरीनं लगेच मला गाठून विचारलं, वरून आपलं घर दिसतं का. मी म्हटलं, घर काय, धुणं वाळत घालणारी आजी बी दिसते. आजी, म्हणजे व्यंकटरावांची आई गोजरबाई, जवळच होत्या. त्या हसल्या न्हाईत. चहा मात्र झकास होता.

१५ सप्टेंबर

केबल बारीक तारांची वळलेली, मोजल्या तर एकोणपन्नास. फडकं धरून टोकापासून टोकापर्यंत फिरवायचं. कुठं तार तुटली असली की फडकं अडकतं. आज कुठंच अडकलं न्हाई. पण केबल खडखडीत कोरडी! आन शेडच्या भिंतीवर हळदीनं लिहिलेलं, 'केबल कोरडी ठेवा'. मला हसू आवरेना. कोण येडा हा? तेलाबिगर वायर कधी टिकली हाय का? पुली आन केबल तेलानं न्हाऊ घातली, वरून ग्रीस थापलं. दांडा लोण्यागत फिरला.

भिंतीवरचं अक्षर कुणाचं, विचारलं. व्यंकटराव म्हणाले, धाकट्या भावाचं, सोनाजीचं. विमान त्यानंच सुरू केलं, आता पुण्याला असतो. एवढं बोलून लगेच बाहेर गेले.

१९ सप्टेंबर

पुलीपाशी केबलवर बोटांचे पिवळे ठसे. तीन. आरोहीचा चाळा समजून तिच्यावर खेकसलो. पोरगी रडत रडत आपला पंजा ठशांशेजारी धरून उभी राहिली. ठसे बाप्या माणसाचे होते. मलाच लाज वाटली, तिला गूळ-शेंगदाणे दिले.

उन्हाळ्यात या शेडमध्ये हळद पॉलिश होते, त्याची धूळ अजून पत्र्यावरून गळत राहते. तेलावर तीच बसली असंल. पण धुळीला बोटं कुठून आली? जाऊ द्या. पुसलं, पुन्हा तेल दिलं.

२३ सप्टेंबर

व्यंकटराव रोज सकाळ-संध्याकाळ शेतातल्या पट्टीवर विमान नुसतं पळवून आणतात, दांडा मागं-पुढं करून बघतात. आज ते आल्यावर फडकं फिरवलं आन अडकलं. जिथं ठसे होते बराबर तिथंच, दोन तारा तुटलेल्या. माझ्या हातची वायर आठ दिवसांत तुटली! कुणाला सांगू नये असं वाटलं. नवी केबल टाकली. शेडची किल्ली आता माझ्याच कमरेला. तेल दुप्पट.

२७ सप्टेंबर

काल घट बसले. आज मी जेवायला गेलो, तेवढ्यात पुन्हा तीन ठसे. कुलूप होतं तसं. फडकं लावलं, सात तारा.

गोजरबाईंना बोलावून दाखवलं. त्या खालीच बसल्या. मग सांगितलं. सोनाजी पुण्याला न्हाई. दोन वर्षांखाली याच विमानातून पडला, केबल तुटली होती. लहानपणी हळद घासायच्या फिरत्या ढोलात त्याची उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. तीनच उरलेली.



२८ सप्टेंबर

व्यंकटरावांना म्हणालो, तुमचा भाऊ केबल तोडून राहिला, उडू नका. ते चिडले, मग पोरासारखे रडले. मोडके पंख त्यांनी हातानं जोडले होते. पोरीला वरून घर दाखवीन, हा शब्द सोनाजीचा होता, तो पुरा करणार म्हणाले. काही ऐकेनात. मी निघून जावं तर आरोहीची केबल कोण बघंल?

तिसरी केबल टाकली. तेल, ग्रीस भरभरून. वरून पत्रा ठोकून चहूबाजूंनी रिबिटा मारल्या. आता मुंगी जाणार न्हाई. ये म्हणावं आता, सोनाजी.

१ ऑक्टोबर

पत्र्याखाली आवाज. फडकं फिरवल्यावाणी. या टोकाकडून त्या टोकाकडं — मग अडकतं. थांबतं. पुन्हा पहिल्यापासून. माझ्यासारखंच.

भर दुपारचे दोन वाजलेत. मी ओरडलो, सोड रे बाबा, लेकरू बसणार हाय त्यात. आवाज वाढला.

४ ऑक्टोबर, खंडेनवमी

अवजारांची पूजा झाली. गोजरबाईंनी माझ्या पान्यांना हळद-कुंकू लावलं. ग्रीसच्या डब्यापाशी हात थांबला. म्हणाल्या, सोनाजीचा बी अस्साच डबा होता, रोज केबलीला न्हाऊ घालायचा. मला बरं वाटलं, म्हणजे माणूस कामाचा होता. आणखी म्हणाल्या, भिंतीवरचं ते अक्षर तो होता तवा नव्हतं. तो गेल्यावर आलं. दर दसऱ्याला चुना मारतात — पुन्हा येतं.

व्यंकटरावांनी तपासणीची वही पुढं केली. मी लिहिलं, केबल बराबर. सही केली. पत्रा उघडून बघितला न्हाई. हिंमत झाली न्हाई.

५ ऑक्टोबर, दसरा, सकाळी सात

विमान पट्टीवर नेलं. आरोहीनं नवा फ्रॉक घातलाय, मला आपट्याची पानं देऊन गेली. मी शेडमध्ये एकटा. आवाज न्हाई. गेला वाटतं —

भिंतीवरची अक्षरं ओली हायेत. आत्ता लिहिल्यागत. खाली तीन बोटं. त्याच बोटांचा ठसा माझ्या ग्रीसच्या डब्यात.

डब्यातलं ग्रीस पिवळं झालंय. चिमटीत चोळलं. करकर लागतं. रेती, धूळ — काचपेपरच. तेल धूळ धरतं, पुली रगडते, तार कापते. त्याची केबल त्याच्याच तेलानं —

आन ही माझ्या. तो तोडत नव्हता. जागा दाखवून राहिला होता. रोज. आन मी वरून पत्रा —

सात दिवस बघितलं न्हाई. किती तारा उरल्या —

इंजिन लागलं. हाक ऐकू जायची न्हाई. याच पानावर मोठ्ठं लिहून धरतो त्यांच्या पुढं —

व्यंकटराव थांबा

पोरीला उतरवा

दांडा ओढू न