माहेरचा माणूस म्हणून येईल तो

ती. मायला मंजुषाचा दंडवत.

मी पुण्यात बरी हाय. तुझे गुडघे कसे हायेत?

माय, शिलाई मशीनच्या कर्जाचा हप्ता कमी करून देतो म्हणून एका माणसानं माझ्याकडून आधीच फी घेतली. आता त्याचा फोन लागत न्हाई. बँकेत आपणच जाऊन बोललं तर फी लागत न्हाई, हे उशिरा कळलं.

जामिनाला तुझा अंगठा लागेल म्हणत होता. घरी आला तर शिरड शहापूरचा हाय म्हणेल. माहेरचा म्हणून चहा दे, पण अंगठा देऊ नको. आधार कार्ड पेटीत ठेव, किल्ली कमरेला.

त्याला घर विचारावं लागणार न्हाई. आपली बोली ऐकून मी हरखले, अन् तुझं माहेर, घराची वाट, दारातला कडुलिंब, सगळं सांगून बसले.

तुझी लेक,
मंजुषा