सोमारीनं ठेवलेल्या फाईली

९ जानेवारी, गुरुवार

मेमरी फुल! पुन्हा! आमच्या बायांच्या बांबू केंद्राचं हे लेझर मशीन पोळ्याच्या बैलासारखं खाऊन बसलं आहे, लाकडावर कोराची एक साधी पाटी पाठवाले गेली तर घेत नाई.

जागा कराची म्हणून पडद्यावर फाईली उघडल्या. सगळ्या सोमारीच्या. अन् नावं पाहा — मोहा, बोरिंग, चिंच, गोठा! मशीनले मराठी अक्षरं समजत नाई म्हणून इंग्रजीत लिहिलेली, पण मोहा म्हणजे मोहाच ना? सगळ्यात खाली नुसतं ‘ए’. अर्धी मेमरी त्या एकट्यानं खाल्ली!

कोणत्या फाईलीत काय आहे ते विचारू कोणाले? सोमारीनंच मले हे मशीन शिकवलं. मागच्या पावसाळ्यात सिकलसेलच्या बिमारीनं गेली पोरगी. रोज डबा उघडताना आठवते, तिले माझी आंबाडीची भाजी लागायची.

‘ए’वर बोट ठेवलं. मशीननं विचारलं — डिलीट? नको म्हटलं. आधी पाहीन त्यात काय आहे ते.

१० जानेवारी

कॉम्प्युटरची वायर लावली तर मशीन ओळखच देत नाई. चंद्रपूरच्या मशीनवाल्या प्रणितले फोन केला.

“बोर्ड बिघडत चाललं तुमचं, मॅडम. वीस तारखेले येतो, नवीन टाकून देतो.”

“अन् आतल्या फाईली?”

“जुन्या बोर्डासंगं गेल्या समजा. डिलीट ऑल मारा अन् मोकळे व्हा.”

मोकळे व्हा म्हणे! तुह्या घरचं आहे का रे बाबा?

ग्रामसभेनं ठरवलं की प्रत्येक गोंड घराच्या दारावर सागवानाची पाटी लावाची. वर घरच्या बाईचं नाव, खाली त्या कुळाचं जनावर नाई तर झाड. चित्रं बुधरीबाईनं काढली, सोमारीच्या मायनं. भिंतीवर, तांदळाच्या पिठानं, बोटानं. सोमारीनं फोटो काढून कॉम्प्युटरवर गिरवली, मशीनमध्ये भरली, पण पाट्या कराच्या राह्यल्याच. त्या कॉम्प्युटरवर जुलैत वीज पडली, फोटोही गेले. भिंती तर कवाच सारवल्या. अन् बुधरीबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन करा म्हटलं तर म्हणते, “पाहाले काय राह्यलं आता?” सोमारी गेल्यापासून हेच.

म्हणजे ती सगळी जनावरं फक्त या मशीनच्या पोटात आहेत. पेनड्राईव्हचं तोंड आधीच तुटलेलं. बाहेर काढाचा एकच रस्ता आहे — जाळून! एकेक फाईल प्लायवर चालवाची, फोटो काढाचा, नव्या कॉम्प्युटरवर पुन्हा गिरवाचं. प्रणित यायच्या आत.

करतो म्हणजे करतो!

११ जानेवारी

‘मोहा’ चालवली. फूल निघन म्हटलं तर कासव निघालं!

मग डोकं चाललं — ज्याच्या अंगणात मोहा, त्याची फाईल. मोहा कोलूभाऊच्या अंगणात आहे. कासव सुरेख आलं होतं, नुसतं प्लायवर काऊन ठेवाचं? जाताना त्याच्या दाराले खिळ्यानं ठोकून आली. घरी कोणी नव्हतं.

१३ जानेवारी

हे राम! काय करून बसली मी!

सकाळी कोलूभाऊ ते कासव हातात घेऊन केंद्रात हजर. मागून बायांचा घोळका, पदर तोंडाले लावून.

“रंजीता, माह्या पोराचं लगन मोडतं का वो?”

मले काही समजेना. बायाच हसत हसत सांगू लागल्या. कोलूभाऊच्या पोराची सोयरीक जुळली ती कासववाल्यांच्या घरी. आता याच्याही दारावर कासव म्हणजे पोरगा-पोरगी दोघं एका देवाचे, एका कुळाचे, भाऊ-बहीण! व्याही काल घर पाहाले आला अन् दारातच थबकला. “घरात पाय टाकाले तयार नव्हता तो,” कोलूभाऊ सांगत होता, अन् शेवटी त्यालेही हसू आलं. मी हात जोडले. माझं सासर याच गावातलं, पण आम्ही गोंडाघरचे नाई, मले हे कुठून माहीत!

बुधरीबाई कोपऱ्यात बांबूच्या काड्या चाचपत बसली होती. म्हणाली, “मोहा सोमारीच्या जेठाच्याही दारात आहे. सून जेठाचं, नवऱ्याच्या मोठ्या भावाचं, नाव घेत नाई, बाई. लिहीतही नव्हती, म्हणून साऱ्याच घरांले अंगणातली खूण. आण इकडे ते कासव.”

तिनं प्लायवर बोट फिरवलं. लेझरनं जळालेल्या खाचेतून, हळूहळू, मानेपासून शेपटीपर्यंत. “माहंच आहे,” म्हणाली. “मानेपाशी आडवी रेघ मीच टाकतो, दुसरं कोणी टाकत नाई.”

अरे! बाईले डोळे नाई तर काय झालं, बोटं आहेत ना! उद्यापासून रोज येजो म्हटलं, मी जाळतो, तू सांग कोणाचं ते. आधी नाई म्हणत होती. मग म्हणे, चहा देशील तर येतो.

१४ जानेवारी

संक्रांत. दिवसभर लाईट नाई. तिळाचे लाडू खाल्ले अन् मशीनकडे पाहत बसली.

१६ जानेवारी

इंदुताईशी वाजलं. ताई केंद्राच्या अध्यक्ष, चांगल्या आहेत, पण प्लाय खर्च होते म्हटलं की त्यांचा जीव तुटते.

“काऊन जाळून राह्यली ग एवढं? प्रणित म्हणते ते कर ना. नवीन चित्रं मोबाईलवर ढीगभर भेटते!”

“ताई, मोबाईलवरचं कासव या गावचं नाई.”

“कासव ते कासव!”

“मग कोलूभाऊले विचारा!”

बाया खो खो हसल्या. इंदुताईलेही हसू आवरलं नाई, तुकड्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून निघून गेल्या. आता कापातले तुकडेच वापरतो. माझा आवाज चढला होता, उद्या त्यांच्याशी नीट बोलीन.

१७ जानेवारी

‘चिंच’ म्हणजे नाग. ‘गोठा’ म्हणजे साजाचं, ऐनाचं झाड. ‘बोरिंग’वर बुधरीबाईचं बोट अडलं.

“ही घोरपड माही नाई.”

म्हटलं, फाईल बिघडली का?

“माही शेपटी सरळ. ही वाकडी. पोरीनं केली.” पुन्हा बोट फिरवलं. “राहू दे. बरी आहे.”

तशीच गिरवली, वाकडी. धुरानं डोळे चुरचुरून राह्यले, ओढणीलेही जळक्या लाकडाचा वास. पण हात थांबत नाई माझा.

१८ जानेवारी, शनिवार

फक्त ‘ए’ राह्यली. इंदुताई म्हणाल्या, हे नक्की एखाद्या लग्नाचा फोटो असन, सोड. मलेही तसंच वाटत होतं. पण जाळल्याशिवाय सोडाची नाई, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. इन्व्हर्टर भरून घेतला. इंदुताईनंच सागवानाची चांगली फळी काढून दिली!

लेझर इकडून तिकडे, इकडून तिकडे. फोटोसारखं खोदकाम, म्हणूनच एवढी मोठी फाईल. अर्धं झालं तरी समजेना. मग बोटं दिसली.

हात होता. एक पंजा, तळव्यावरच्या रेघांसकट. मशीन शिकताना पहिल्यांदा तिनं हेच केलं असन, अन् फाईलीले नाव देता येते का ते पाहाले नुसतं ‘ए’.

बुधरीबाईले काही सांगितलं नाई. फळी फक्त मांडीवर ठेवली. तिनं बोट फिरवलं, अंगठ्यापासून. करंगळीपाशी आली अन् थांबली. करंगळी वाकडी होती.

“मुसळाखाली आली होती,” बुधरीबाई म्हणाली. “एवढीशी होती तवा.”

मग आपला पंजा त्या पंजावर ठेवला अन् बसून राहिली. चहा तसाच थंड झाला. मी रडली. इंदुताई रडल्या. ती नाई रडली.

२० जानेवारी, सोमवार

प्रणितनं बोर्ड बदललं. पडदा कोरा, एक नाव नाई. “पाहा, किती साफ!” म्हणे. मी पहिलं कासव पाठवलं. नाव दिलं — कासव. माझ्या जेठाचं नाव थोडीच आहे ते!

२१ जानेवारी

सकाळी केंद्राचं कुलूप उघडाले गेली तर बुधरीबाई आधीच पायरीवर. धुतलेलं लुगडं, मांडीवर ती फळी फडक्यात बांधलेली.

“मशीन राहू दे आज,” म्हणाली. “चंद्रपूरची बस किती वाजता आहे वो? डोळ्याच्या डॉक्टरकडे नेजो मले.”